घाबरतंय ना? मग टिकंल

विहिरीत कोण पडलंय, यावर आमच्याकडे पुढचं सगळं ठरतं. बिबट्या असेल तर अख्खं गाव कामाला लागतं. सरपंच वनखात्याला फोन करतात, वनखातं माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राला फोन करतं, आणि गाडी येईपर्यंत काठावर एवढी गर्दी होते की आता आणखी कोण पडतंय, हा घोर पोलीस पाटलाला लागतो. पोहून दमू नये म्हणून बिबट्याला दोराने बाज सोडतात. तो तिच्यावर बसतो. वर शेकडो मोबाइल आणि खाली तो एकटा, हळद लावून बसवलेल्या नवरदेवासारखा. मग पिंजरा उतरतो, डॉक्टर तपासतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो.

त्याच विहिरीत कुत्रं पडलं तर कुणाचा तरी पोरगा कमरेला दोर बांधून उतरतो, त्याला टोमॅटोच्या क्रेटमध्ये कोंबतो, आणि वर आल्याबरोबर ते त्याच पोराला चावून उसात पळून जातं. पेपरात काही येत नाही. पोराची इंजेक्शनं सुरू होतात.

जुन्नर-आंबेगावात जनावरांच्या पुनर्वसनाचा विषय निघाला की तो बिबट्याचाच असतो. जुन्नरजवळ माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे. २००७ पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था वनखात्याच्या जोडीने ते सांभाळते. जखमी, म्हातारे, पुन्हा रानात सोडता न येणारे बिबटे तिथे मुक्कामाला असतात. ऊसतोडीत बछडी सापडली तर हीच मंडळी ती तपासून, क्रेटमध्ये घालून, रात्री त्याच शेतात नेऊन ठेवतात, कॅमेरा लावतात आणि आई येऊन पोरं तोंडात धरून नेते का, हे बघत लांब बसून राहतात. काम खरोखर कौतुकाचं आहे. आणि मुक्या जनावरांची कदर आमच्या तालुक्याला आजची नाही. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आमच्या आळे गावातच आहे आणि लोक श्रद्धेने तिच्या पाया पडतात. तर रेडा झाला, बिबट्या झाला. कुत्र्याचा नंबर अजून यायचाय.

वास्तविक बिबट्या आमच्याकडे इतका सुखाने नांदतो तो कुत्र्याच्या जिवावर. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा गोळा करून ते खातात तरी काय, याचा हिशेब काढला. वजनाने मोजलं तर बिबट्याच्या पोटात गेलेल्यापैकी ३९ टक्के एकटं कुत्रं निघालं. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी शेळीचा वाटा ११ टक्क्यांवरच राहिला. याचं कारण कुठल्याही मळ्यात दिवेलागणीला उभं राहिलं की कळतं. शेळी पैशाची, म्हणून ती गोठ्यात कोंडली जाते. कुत्रं फुकटचं, म्हणून ते शेळीची राखण करायला बाहेर ठेवलं जातं. आपण ज्याला राखण म्हणतो त्याला बिबट्या जेवण म्हणतो, एवढाच काय तो मतभेद.

शिवाय कुत्र्यांची नावं बघा. वाघ्या, टायगर, शेरू. खंडोबाचा वारसा म्हणून वाघ्या हे नाव मला समजू शकतं. पण आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, त्यामुळे सकाळी पारावर ‘रात्री वाघानं वाघ्या नेला’ अशी बातमी येते आणि नव्या पाहुण्याला दोनदा समजावून सांगावी लागते.

आता नको असलेली कुत्री आमच्याकडे येतात कुठून, ते सांगतो. पहिला पुरवठा पुणे-नाशिक रस्त्याचा. रात्री एखादी चांगली चारचाकी ढाब्याच्या अलीकडे अंधारात थांबते, मागचं दार उघडतं, काहीतरी खाली उतरतं आणि गाडी निघून जाते. सकाळी तिथे गळ्यात पट्टा असलेलं एक लॅब्राडोर प्रत्येक पांढऱ्या गाडीमागे धावत असतं. दुसरा पुरवठा फार्महाऊसचा. डिंभ्याच्या पाण्याकाठी प्लॉट घेतला की माणसाला आधी कुंपण सुचतं, मग हस्की. हस्की हे बर्फातलं कुत्रं. मे महिन्यात मंचरला माणूस टिकत नाही, तिथे ते जीभ बाहेर काढून वॉचमनकडे बघतं आणि वॉचमन गॅलरीतून फोनवर मालकाकडे बघतो. तिसरा पुरवठा हंगामी. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की ऊसतोडीच्या टोळ्या रातोरात बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवून गावाकडे निघतात. कोपीमागे व्यालेली कुत्री तेव्हा नेमकी पिल्लांसाठी भाकरतुकडा शोधायला गेलेली असते. आणि चौथा पुरवठा बारमाही, गोणीतून येणारा. गोणी सोडली की त्यात बहुतेक माद्या निघतात. नर कुणीतरी आधीच मागून नेलेले असतात. लोक ही गोणी शक्यतो देवळापाशी ठेवतात, ओझर म्हणा, लेण्याद्रीचा पायथा म्हणा. सोडणाऱ्याला वाटतं, गणपती बघून घेईल. गणपतीकडे आधीच उंदीर आहे.

उचलून लांब नेऊन सोडण्याचा हा प्रयोग आमच्या तालुक्यात आधी बिबट्यावर झालेला आहे. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर वनविभागात बिबटे धरायचे आणि दूर नेऊन सोडायचे, असा सपाटा चालला होता. पुढे अत्रेय यांनीच दाखवून दिलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वर्षाला सरासरी ४ चे १७ झाले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं. बिबट्या बिथरला की माणूस जातो, म्हणून त्याचा अभ्यास झाला. कुत्रं बिथरलं की ते स्वतःच कुणाच्या तरी बराखीखाली जाऊन बसतं.

आमच्या शेजारच्या मळ्यातल्या आबांच्या कांद्याच्या बराखीखाली असंच एक येऊन बसलं. तांबूस रंगाची, एक कान वर, एक खाली, अशी मादी. बराख जमिनीपासून हातभर उंच असते, हवा खेळावी म्हणून. त्या हातभर फटीत, अगदी मधोमध, जिथे कुठूनच काठी पोचत नाही, तिथे ती होती. म्हणजे काठीची लांबी तिला पाठ होती. भाकरी टाकली तरी बाहेर येईना. झाडू दिसला की थरथरायची, फवारणीचा पंप पाठीला लावलेला माणूस दिसला की जमिनीला चिकटायची. ताटली पडली, हेल्मेट काढलं, गोणपाट झटकलं, कुणी जोरात शिंकलं, प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे एक जुना हिशेब होता.

रशियात पावलोव्ह म्हणून शास्त्रज्ञ होता, घंटा आणि लाळ यांसाठी जो सगळ्यांना शाळेत भेटतो. १९२४ साली लेनिनग्राडला पूर आला, त्याच्या प्रयोगशाळेत पाणी शिरलं आणि कुत्री बुडता बुडता वाचवली गेली. त्यानंतर काही कुत्री शिकवलेलं सगळं विसरली, आणि एका कुत्र्याचं गाडं कसंबसं रुळावर आलं होतं तर दाराखालून नुसती पाण्याची धार आत सोडल्याबरोबर पुन्हा घसरलं. पावलोव्हला नोबेल मिळालेलं होतं, तरी त्याला यावर फार काही करता आलं नाही. आबांकडे तर नुसती बराख होती.

मग पुण्याच्या एका ताईंचा नंबर मिळाला. या ताई अशी घाबरलेली कुत्री माणसाळवतात. त्यांनी फोनवर सूचना दिल्या, त्या आबांनी स्पीकरवर घेतल्या, त्यामुळे त्या सबंध वस्तीने घेतल्या. तिच्या डोळ्यांत बघायचं नाही. तिच्याकडे तोंड करून बसायचं नाही, आडवं बसायचं. डोक्यावरून हात फिरवायचा नाही. हाका मारायच्या नाहीत. जेवण रोज एकाच जागी, एकाच वेळी, आणि ठेवून निघून जायचं. ती पळाली तर मागे धावायचं नाही.

शेवटच्या सूचनेपाशी आबांच्या घरातल्या आजी अडल्या. ‘नामदेव महाराज तर तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावलं व्हतं की!’ ताई दोन क्षण गप्प झाल्या. शास्त्राप्रमाणे नामदेवांचं चुकलंच होतं. घाबरलेल्या कुत्र्यामागे, तेही हातात भांडं घेऊन, कधीही धावू नये. पण वारकऱ्याच्या घरात हे फोनवरून कोण सांगणार? ताई म्हणाल्या, ‘आजी, तो विठ्ठल होता. ही कुत्री आहे.’ आजींना हे पटलं नाही, पण त्यांनी वाटी खाली ठेवली.

आणखी एक सूचना होती, जांभईची. कुत्री एकमेकांना ‘मी भांडायला आलेलो नाही’ हे सांगण्यासाठी मान वळवतात, ओठ चाटतात, जांभई देतात. नॉर्वेच्या टुरिड रुगास या बाईंनी यावर पुस्तक लिहिलंय. तेव्हा माणसानेही तिच्यासमोर आडवं बसून सावकाश जांभया द्याव्यात. आबांना ही विद्या पहिल्याच बैठकीत साधली, कारण त्या आठवड्यात थ्री-फेजची लाइट रात्रीची होती आणि ते पहाटेपर्यंत पाण्याची दारं धरत होते. बराखीकडे पाठ अर्धी वळवून, गुडघे जवळ घेऊन, डोळे मिटून आबा अशा खऱ्या जांभया देत की समोरच्या बांधावरून जाणारा सोसायटीचा सचिवही जांभई देत जाई. गावात बोलवा झाली की आबांना काहीतरी झालंय. एकाने सुनेला बाजूला घेऊन मंचरच्या डॉक्टरचं नावही सुचवलं.

पण कुत्री फटीच्या कडेला आली. मग पुढचे दोन पाय बाहेर आले. मग एकदा आबांचा डोळा लागला असताना तिने येऊन त्यांच्या धोतराचा सोगा हुंगला आणि पुन्हा आत गेली. ही बातमी आबांनी मला एसटीच्या स्टॅंडवर, अगदी कानाशी येऊन सांगितली. नातवाच्या बारावीचा निकाल त्यांनी एवढ्या हळू सांगितला नव्हता.

नावाचा प्रश्न निघाला तेव्हा पोरांनी ‘शेरनी’ सुचवलं. आबा म्हणाले, त्या जातीतलं कुठलंच नाव नको. कांद्याखाली सापडली, कांदी म्हणा.

ताईंच्या आणि आबांच्या विचारांत फरक पडला तो इथून पुढे. ताईंचं सगळं शास्त्र कुत्र्याची भीती घालवण्याचं. कोथरूडमध्ये ते बरोबरच आहे. तिथे कुत्र्याने लिफ्टला, फटाक्यांना आणि कुकरच्या शिट्टीला घाबरू नये, एवढीच समाजाची अपेक्षा असते. आमच्याकडे घराच्या मागे ऊस, उसाच्या मागे कॅनॉल आणि कॅनॉलच्या पलीकडे पुन्हा ऊस. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, डिंभे झालं, विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांची धुराडी पेटली आणि वर्षभर उभ्या पिकाचं हे गार, दाट, पाण्याजवळचं रान बिबट्याला आयतं मिळालं. बिबट्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्यात. त्यांना जंगल दाखवलं तर हे काय आहे म्हणून विचारतील. अशा ठिकाणी निर्भय कुत्रं म्हणजे काय? अंधारात उसाकडे तोंड करून भुंकणारं. ते एकदा भुंकतं, दोनदा भुंकतं. तिसऱ्यांदा गावाला ऐकू येत नाही.

म्हणून कांदीबद्दल ताईंनी काळजीने विचारलं, ‘अजून घाबरते का हो?’ तेव्हा आबा समाधानाने म्हणाले, ‘घाबरतीया ना? मग टिकंल.’

ताईंनी व्हिडिओ मागवला. व्हिडिओत कांदी दिवस मावळायच्या सुमाराला नाक वर करून उसाकडची हवा हुंगते, शेपूट पोटाशी घेते आणि चालत, पळत नव्हे, सरळ स्वयंपाकघरात जाऊन मांडणीखाली बसते. ताईंच्या मते ही आघाताची लक्षणं होती. आबांच्या मते हिच्याइतकी अक्कल वस्तीवर दुसऱ्या कुणाला नव्हती.

इथे जरा थांबून सांगायला पाहिजे. बिबट्याने आमच्या भागात माणसं नेली आहेत, लहान लेकरं नेली आहेत. त्या घरांतल्या कुणाला ‘सहजीवन’ हा शब्द ऐकवायची माझी छाती नाही, आणि त्यावर विनोदही होत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडचे लोक शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागले. बिबट्या मान धरतो म्हणून धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात असले पट्टे पूर्वीपासून घालत आलेत. कुत्र्याची ती युक्ती माणसाने उचलली, इतकंच म्हणतो आणि पुढे जातो.

तर अशा मुलखात राखणीचे नियमच उलटे झालेत. पूर्वी मालक आत झोपे आणि कुत्रं बाहेर राखण करी. आता कित्येक वस्त्यांवर अंगणात लोखंडी पिंजरा करून घेतलाय, आणि संध्याकाळी त्यात कुत्रं आत जातं. कडी मालक लावतो. मग रात्री दहाची लाइट आली की मालक बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्याने गाणं लावून एकटा मोटर चालू करायला जातो. कुत्रं पिंजऱ्यातून त्याच्याकडे बघत राहतं. कुणी कुणाला पाळलंय, हे पाहुण्याला त्या वेळी ओळखता येणार नाही. दिवसा वीज द्या, अशी मागणी शेतकरी उगाच करत नाहीत. कुत्र्यांना मत असतं तर त्यांनीही केली असती.

बिबट्याच्या तोंडातून सुटण्याचा जागतिक विक्रम मात्र एका कर्नाटकी कुत्र्याच्या नावावर लागेल. २०२१ च्या फेब्रुवारीत दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या बिळिनेले गावात बिबट्याने कुत्र्याचा पाठलाग केला, कुत्रं संडासात शिरलं, मागून बिबट्या शिरला आणि घरच्यांनी बाहेरून कडी लावली. दोघे कित्येक तास आत. एका कोपऱ्यात हा, दुसऱ्या कोपऱ्यात तो. शेवटी बिबट्या छपरातून पळाला आणि कुत्रं जिवंत बाहेर आलं. जाणकार म्हणाले, कोंडलेल्या जनावराची भूक भीतीने मरते. ही गोष्ट मी आबांना सांगितली. त्यांनी बराच विचार केला आणि विचारलं, ‘मग सकाळी त्या घरच्यांची सोय कुठं झाली?’

कायद्याचं म्हणाल तर तो कुत्र्याच्या बाजूने आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटकं कुत्रं धरायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि जिथून धरलं तिथेच सोडायचं. ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची. आमच्याकडे स्वराज्य भरपूर आहे, शिवनेरी इथलाच; पण ग्रामपंचायतीपुढे हा विषय काढला की आधी पाणीपट्टीची थकबाकी निघते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीची सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात टाका असं ११ तारखेला म्हटलं, आणि २२ तारखेला ते बदलून, रेबीज झालेली आणि अंगावर येणारी सोडून बाकीची नसबंदी-लस करून परत जागेवर सोडा असं सांगितलं. त्या अकरा दिवसांत आमच्या पारावर न्यायालयाची तीन खंडपीठं बसली. मुंबईकरांना याचं नवल वाटायचं कारण नाही. १८३२ साली इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला घेतली तेव्हा तिथे पारशांनी दंगल केली होती. पारशी माणूस दंगल करतो तो फक्त कुत्र्यासाठी.

मुंबईचंच आणखी एक गणित आहे. २०१८ साली काही संशोधकांनी मांडलं की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० भटकी कुत्री खातात, आणि त्यामुळे हजारेक चावे टळत असावेत. म्हणजे महापालिकेचं काम बिबट्या बिनपगारी करतो. हा हिशेब आमच्या पारावर पोचला तेव्हा सगळ्यांना पटला, फक्त कांदी तेवढी उठून घरी गेली.

चाव्यावरून आठवलं, त्या विहिरीतल्या पोराचं. भेदरलेलं जनावर उचलायला जाल तर ते चावणार, तो त्याचा दोष नाही. पण चावलं तर मिरची, चुना, तंबाखू यांतलं काही भरायचं नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचे दिवस गेले. आता दंडात, त्याच दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. रेबीज एकदा दिसू लागला की त्यावर औषध नाही, तेव्हा ‘आमचंच कुत्रं हाय, काय व्हत न्हाय’ हे वाक्य म्हणायचं नाही.

राहता राहिला प्रश्न अशा कुत्र्यांना घरं मिळण्याचा. आमच्याकडे कुत्रं मागायला येणाऱ्याच्या अटी मुलीकडच्यांनाही सुचणार नाहीत अशा असतात. नर पाहिजे. चोराला चावलं पाहिजे, पाहुण्याला नको. दूधवाल्यावर भुंकायचं नाही, वसुलीवाल्यावर भुंकायचं. खायला कमी, दिसायला मोठं. आणि शूर पाहिजे. यात ‘भित्री, तांबूस, मादी, खोली सोडत नाही’ हे स्थळ कुठे बसवणार? ताई पुण्याहून असली पाच-सहा स्थळं व्हॉट्सअॅपवर पाठवत राहतात, आणि खाली अंगठ्यांशिवाय काही येत नाही.

आबांनी यावर स्वतःची मुलाखतपद्धत काढली. येणाऱ्याला ते ‘कुत्रं कशाला पाहिजे’ हे विचारतच नाहीत. रात्री ते झोपणार कुठं, एवढंच विचारतात. ‘बाहीर, राखणीला,’ असं उत्तर आलं की चहा पाजून वाटेला लावतात. एकाने हुज्जत घातली, की मग कुत्रं पाळायचंच कशाला? आबांनी त्याला कांदीची कामगिरी सांगितली. सुगीच्या दिवसांत एकदा ती दुपारी चारलाच मांडणीखाली जाऊन बसली. एवढ्या लवकर का म्हणून आजींनी शेळ्या आत घेतल्या, सुनेने पोरं आत घेतली, आणि आबांनी ट्रॅक्टरवाल्याला बांधावरूनच परत पाठवलं. सकाळी ओल्या सऱ्यांमधून ठसे बराखीपर्यंत आलेले होते. ती एकदाही भुंकली नव्हती.

माणूस विचारात पडला. आणि मग अशी भित्री अजून एखादी मिळेल का, म्हणाला.

आबांनी ताईंना फोन लावला, स्पीकरवरच. ‘ताई, एक गिऱ्हाईक हाय. पण एक करा, तुमी त्या कुत्रीला सुधरवायला घेतलं आसंल, तर ते आता थांबवा.’